आप्पा कानडीत मोजतात

आमच्या घरात कुठली भाषा कधी बोलायची याचा नियम कुणी केलेला नाही, पण तो मोडतही कुणी नाही. भांडण मराठीत. आरती मराठीत. मांजराला हाकलायचं मात्र कानडीत, कारण आईचं ठाम मत आहे की बेळगावच्या आमच्या वडगावातल्या मांजरांना मराठी कळतं पण ती ऐकत नाहीत. खासबागेच्या बाजारात कोथिंबिरीची घासाघीस कानडीत सुरू होते, मग विकणारी बाई आईच्या ओळखीची निघते आणि पुढचा अर्धा तास दोघी मराठीत सुनांबद्दल बोलतात. टीव्ही हिंदीत. बँकेतला फॉर्म इंग्रजीत, आणि तो भरताना आप्पांच्या शिव्या पुन्हा मराठीत.

आप्पा म्हणजे माझे वडील. मी त्यांची एकुलती एक मुलगी, बेळगावातल्या एका मराठी शाळेत मराठीच शिकवते. वीसेक वर्षं झाली. स्वभावानं तापट आहे. शाळेत पोरं मला मागून काय म्हणतात ते मला पक्कं माहीत आहे आणि ते मी इथं लिहिणार नाही.

तर आम्ही मराठी. बेळगावात कुणी विचारलं तर हे उत्तर द्यायला एक सेकंदही लागत नाही. भानगड होते ती बेळगाव सोडल्यावर. पुण्याला बी.एड.ला होते तेव्हा खोलीतल्या मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझ्याकडे रोज इडली असते का गं?" मी म्हटलं, आमच्याकडे रोज भाकरी असते, आणि तुझ्यासारख्या चौकशा करणाऱ्यांना ठेचा असतो. वर्षभर ती मला 'साउथवाली' म्हणत राहिली. प्रेमानंच म्हणायची, पण म्हणायची. इकडं सरकारी कचेरीत गेलं की तुम्ही मराठीवाले, तिकडं गेलं की तुम्ही कानडी. मला याचा लहानपणापासून राग येतो. आप्पांना येत नाही. त्यांचं एकच म्हणणं, "तिकडची माणसं आपली हाईत गं. त्यांना सांगितलं की कळतंय."

आप्पा विणकर. आमच्या गल्लीत आता सगळे यंत्रमाग आहेत, सकाळपासून नुसता खडखडाट. त्यात आप्पांचा एकच हातमाग उरलाय. ते त्यावर आजही साड्या विणतात, सावकाश, आपल्या मर्जीनं, आणि साडी पुरी झाली की चार दिवस गल्लीत ताठ मानेनं फिरतात.

विणण्याआधी एक काम असतं, ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. मागाला फणी असते. लांबलचक कंगव्यासारखी चौकट म्हणा ना. तिच्या प्रत्येक फटीतून दोन-दोन उभे धागे ओढून घ्यायचे. या फटीला आमच्याकडं घर म्हणतात. काठाची घरं किती, अंगाची किती, सगळं ठरलेलं. एक घर जरी रिकामं राहिलं तरी साडीभर उभी रेघ पडते, ती मग कशानंही जात नाही. या कामाला दोन माणसं लागतात. एक फणीच्या मागं बसून धागे पुढं करतो, दुसरा पुढून तारेच्या आकड्यानं ओढून घेतो. दोघांचा हात एकत्र चालावा म्हणून ओढणारा मोठ्यानं मोजतो. दहा घरं झाली की धाग्यांची सैल गाठ मारायची, म्हणजे ते मागं सरकत नाहीत, आणि पुढची दहा घ्यायची.

आप्पा हे कानडीत मोजतात. ओंदू, एरडू, मूरू, नाकू. दुसऱ्या कशातही मोजत नाहीत. त्यांना माग शिकवला तो शेजारच्या गल्लीतल्या एका कानडी म्हाताऱ्यानं. त्या माणसानं आप्पांच्या आकड्यावरच्या बोटांवर टिचक्या मारमारून हा हात बसवला. पुढं तीच मोजणी आमच्या घरात आली. आई निपाणीची. लग्न होऊन आली तेव्हा कानडीतलं अक्षर येत नव्हतं तिला. फणीच्या मागं बसून बसून तिचे कानडी आकडे पाठ झाले, बाकीची भाषा त्यानंतर कधीतरी आली. मीही शाळेत जायच्या आधी फणीच्या मागं बसून धागे पुढं करत असे. आमच्या घरात कुणालाही यात काही विशेष वाटलं नाही. मलाही नाही. मराठीची बाई असून नाही.

अशात गेल्या वर्षी कोल्हापूरहून फोन आला. एका सांस्कृतिक मंडळाचे कार्यवाह होते. त्यांना सीमाभागातल्या मराठी हातमाग विणकराचा सत्कार करायचा होता. कुणीतरी माझा नंबर दिलेला. "अस्सल मराठी विणकर हवेत हो बाई," ते म्हणाले. "असे आता राहिलेत कुठं?"

"आमचे आप्पा आहेत की!" मी म्हटलं. "अस्सल म्हणजे किती अस्सल पाहिजेत तुम्हाला?"

आप्पांना सांगितलं तेव्हा ते उठून माग पुसायला लागले. पुसलेलाच माग पुन्हा पुसला. मग संध्याकाळपर्यंत दूधवाल्याला, औषधाच्या दुकानदाराला आणि शेजारच्या कानडी अण्णांना सांगून झालं, "कोल्हापूरच्या आपल्या माणसांनी बोलवलंय." शेजारच्या अण्णांनी मराठीत अभिनंदन केलं आणि पेढे मागितले.

लोकांना वाटलं म्हातारा शाल-नारळासाठी हरखलाय. तसं नव्हतं. आप्पा दर नोव्हेंबरला, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून, काळ्या फिती लावून मोर्चात चालत आलेत, उन्हात, पाय दुखत असताना. पलीकडं आपली माणसं आहेत हे त्यांनी जन्मभर धरलेलं. पण अंबाबाईच्या दर्शनाला जाऊन येण्यापलीकडं त्या माणसांशी कधी गाठ पडलेली नाही. तिकडच्या कुणीतरी, चार लोकांसमोर, 'हा आपला माणूस' म्हणावं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. आईनं मला हे स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. "तेवढं म्हणाले न्हवं का, की मग झालं बघ," ती म्हणाली.

कार्यक्रमाला आठ दिवस राहिले असताना कार्यवाहांचा पुन्हा फोन. नुसता सत्कार नको, थोडं प्रात्यक्षिकही होऊ दे. लहान माग ते आणून ठेवतील. फणी भरायचं काम दाखवलं तर उत्तम. "आणि माइक लावू बरं का. विणकराचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि वळले. माजघरात आप्पा आणि आई फणीला बसलेले. "इप्पत्तू," आप्पा म्हणाले आणि विसाव्या घराची गाठ मारली.

अगं बाई! अस्सल मराठी विणकर. सीमाभागातून आलेले. मराठीचा सत्कार. आणि माइकवर ओंदू, एरडू. मला मागच्या रांगेतले चेहरे दिसायला लागले. ती पुण्यातली मुलगीही त्यात बसलेली दिसली. त्या क्षणी मला आप्पांची नाही, माझीच काळजी वाटली, हे आता कबूल करते.

त्याच दिवशी मी वर्ग सुरू केला. "आप्पा, तिथं मराठीत मोजायचं."

"का?"

"का म्हणजे? मराठीचा कार्यक्रम आहे."

"बरं," आप्पा म्हणाले. एवढ्या सहज हो म्हणाले की मला वाटलं प्रश्न मिटला.

कसला मिटतोय! एक, दोन, तीन म्हणताना त्यांचा हात थांबायचा. आकडा तोंडातून निघाला की नाही हे आधी बघायचे, मग धागा. एकोणतीसला तर बसूनच राहायचे. "हे काय गं, अजून तीस आलं न्हाय आणि नाव आधीच?" मी म्हटलं, आप्पा, बाजारात तुम्ही एकोणतीस म्हणताच की. तर म्हणाले, "तोंडाला येतंय गं. हाताला येत न्हाय."

मी कुठली ऐकून घेणार! रोज संध्याकाळी शाळेतून आले की त्यांना फणीपुढं बसवायचे. चुकले की पुन्हा एकपासून. माझा शाळेतला आवाज लागायचा. सत्तरी उलटलेला माणूस, ज्याच्या हाताचं अख्ख्या वडगावात नाव, तो माझ्यापुढं चौथीतल्या पोरासारखा चाचरत बसायचा आणि वर "आणि एकदा घेऊया व्हय?" म्हणून विचारायचा. आईनं मागं बसायला साफ नकार दिला. "तुमची मराठी मोजणी मला जमायची न्हाय. मी निपाणीत उतरते, माझ्या बहिणीकडं. येताना घ्या मला." आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू कशाला मधी पडतीस? त्यांचा हात कानडी हाय, तोंड मराठी हाय. दोन्ही चाललंय न्हवं इतकी वर्षं?"

मी म्हटलं, "तुला नाही कळायचं."

कार्यक्रमाच्या दिवशी आप्पांनी नवं धोतर नेसलं, टोपीला इस्त्री केली. बसमध्ये खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत एक, दोन, तीन चाललेलं. निपाणीत आई उतरली, मावशी स्टँडवर न्यायला आलेली. बस सुटेपर्यंत आई खिडकीखाली उभी राहून आप्पांना सांगत होती, टोपी नीट ठेवा, पाणी प्या, घाई करू नका. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

सभागृह बऱ्यापैकी भरलेलं. कार्यवाह भला माणूस, दारात येऊन आप्पांच्या पाया पडला. मागाची मांडणी झाली, माइक आप्पांच्या तोंडाजवळ आला. मी फणीच्या मागं बसले. काठाची साठ घरं भरून दाखवायची असं ठरलेलं. "एक," आप्पा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिली दहा बरी गेली. दुसरी दहा हळू. तिसऱ्या दहात आप्पांचं लक्ष हातावरून उडून तोंडाकडं गेलं, मला ते समोर दिसत होतं, आणि एक घर रिकामं राहिलं. त्यांच्या लगेच ध्यानात आलं. मुकाट्यानं गाठ सोडली, धागे काढले, पुन्हा घेतले. पुन्हा तेच. घाम टोपीखालून कपाळावर आला. मागं कुणीतरी खोकलं, दोघं उठून चहाला गेले. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा आप्पा थांबले आणि माइकमध्ये म्हणाले, "माफी करा. चुकतंय."

माझे वडील कुणाची माफी मागत नाहीत असं नाही. आईची दिवसातून दोनदा मागतात. पण विणकामात चुकतंय म्हणून माफी? ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, तेही माइकवर, अनोळखी माणसांपुढं. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. त्यांची नव्हे, माझी. त्यांनी फणीवरून माझ्याकडं बघितलं. आता काय करू, असं विचारत होते.

मी हात घालून आधीच्या दोन्ही गाठी सोडल्या, पहिल्या घराचे दोन धागे उचलून पुढं धरले आणि म्हटलं, "ओंदू."

ते बघतच राहिले. मी म्हटलं, "आप्पा, ओंदू."

"ओंदू," आप्पा म्हणाले आणि धागा ओढला. एरडू, मूरू, नाकू. हत्तूला गाठ पडली तेव्हा माझ्या हातालाही त्यांचा वेग गाठता येईना. ऐदू, आरू, एळू. टोपी मागं सरकली, पाठ सैल झाली, तोंडावर साडी पुरी झाल्यावरचा तो गल्लीतला ताठा आला. चहाला गेलेले दोघं पेले हातात घेऊन दारात उभे राहिले.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. "ओ बाई, हे कानडी चाललंय की! मराठीचा कार्यक्रम आहे ना हा? मराठीत मोजायला सांगा त्यांना."

आप्पांचा हात थबकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शाळेत शेवटच्या बाकासाठी राखून ठेवलेला आवाज काढला. "मोजताना मध्ये बोलू नका! चुकेल!"

गृहस्थ बसले. बसले ते इतके झटकन, की त्यांना शाळेतल्या कुठल्यातरी बाई आठवल्या असाव्यात. आप्पांनी पुढं सुरू केलं. मूवत्तू. नलवत्तू. ऐवत्तू. अरवत्तूला शेवटची गाठ पडली. साठच्या साठ घरं, एकही रिकामं नाही. आप्पांनी बोटानं एकदा फणी चाचपून बघितली आणि हात जोडले.

टाळ्या आल्या. मग शाल आली, नारळ आला. कार्यवाहांनी माइक घेतला. त्यांचा चेहरा खरोखर फुललेला, मनात काहीही वाकडं नाही. आप्पांचा हात धरून ते लोकांना म्हणाले, "बघा मंडळी, कर्नाटकातले आपले हे पाहुणे. कानडी असूनही किती सुंदर मराठी बोलतात! एकदा जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत."

आणि काय टाळ्या पडल्या! त्या दिवसातल्या सगळ्यांत मोठ्या. तिसऱ्या रांगेतले गृहस्थही उभे राहून वाजवत होते. आप्पा शाल सावरत हसले आणि कार्यवाहांना काहीतरी म्हणाले. टाळ्यांत मला ते ऐकू आलं नाही.

परतीच्या बसमध्ये निपाणीपर्यंत मी मनातल्या मनात त्या कार्यवाहांना शंभर उत्तरं दिली, एकाहून एक झणझणीत. निपाणीच्या स्टँडवर आई चढली. जागा मिळायच्या आधीच तिनं दांड्याला धरून आप्पांना विचारलं, "काय म्हणाली मग आपली माणसं?"

"लई चांगलं मराठी बोलता म्हणाले," आप्पा म्हणाले.

आई तशीच उभी राहिली. कंडक्टर मागून पुढं व्हा म्हणत होता, तेही तिला ऐकू गेलं नाही. "आणि तुम्ही काय म्हणालासा?"

"थँक्यू म्हटलं."

आईनं आधी तोंडावर पदर धरला. मग तिला काही आवरेना. अख्खी बस वळून बघेपर्यंत ती हसली, आप्पाही हसायला लागले. "सत्तर वर्षं बोलतासा," ती मध्येच म्हणाली, "तेवढं यायलाच पायजे की हो!" आणि पुन्हा दोघं सुरू.

मला हसू येईना. त्या माणसावर तापायचं म्हटलं तर तापता येईना. त्यानं एकदाच म्हटलं, तेही कौतुकानं. मी आठ दिवस रोज संध्याकाळी, माझ्याच घरात, माझ्याच बापाला समोर बसवून तेच सांगत होते. तुम्ही आहात तसे त्यांना चालणार नाही, म्हणून. बस तवंदीचा घाट चढायला लागली तेव्हा मी आप्पांच्या कानाशी लागून म्हटलं, "आप्पा, त्यांचं मनाला लावून घेऊ नका."

"त्यांचं कशाला लावून घेऊ?" आप्पा म्हणाले. त्यांनी मांडीवरच्या शालीची घडी सारखी केली. आवाजात राग नव्हता. "त्यांना ठाऊक न्हवतं गं. तुला ठाऊक हुतं."